पुढच्या बुधवारी या

पोस्टरचा कच्चा छाप टेबलावर येऊन पडला तेव्हा थोरली चहात बिस्कीट बुडवत होती, आणि ते बिस्कीट चहातच विरघळून गेलं. छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता तिचे केस पांढरे व्हायला लागले होते, आणि या धंद्यातली एक युक्ती तिच्या अंगात भिनलेली होती. मजकूर उलटा वाचायचा. शेवटच्या शब्दापासून सुरुवात करून मागे मागे यायचं, म्हणजे अर्थ डोक्यात शिरत नाही आणि डोळा फक्त अक्षरं बघतो. अर्थ शिरला की माणूस वाहवत जातो आणि वेलांटी निसटते. या युक्तीवर तिनं औषधांची माहितीपत्रकं, शोकसंदेश, बियाण्यांच्या जाहिराती, कुणाकुणाच्या आत्मचरित्रांचे ढीग असं सगळं डोक्याला त्रास न होऊ देता पार पाडलं होतं. आजही तिनं तसंच केलं. विसरली. द्यायला. लस. आई. कारण. नेलं. बाळ. गोवरानं. उलटं वाचूनही काही उपयोग झाला नाही. वाक्य आपल्या पायांवर उभं राहिलं आणि तिच्याकडे बघायला लागलं. लालभडक ठळक टाइपात, वर रिकामा पाळणा, बाजूला दोन्ही हातांनी तोंड झाकून बसलेली एक बाई, आणि खाली ते: 'गोवरानं बाळ नेलं, कारण आई लस द्यायला विसरली.' त्याखाली बारीक अक्षरात, 'तुम्ही विसरू नका.' थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही. खरोखर पायाच्या तळव्यांना चटका बसल्यासारखं झालं आणि तिनं टेबलाखाली चपला काढून पाय थंड फरशीवर ठेवले.

विसरली म्हणे. थोरलीला धाकटी बहीण दिसायला लागली, बुधवारची धाकटी. धाकटीच्या गावात लसटोचणी बुधवारी असायची. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक बाक, एक वजनकाटा आणि बर्फाची निळी पेटी घेऊन मोठ्या केंद्रातून येणाऱ्या नर्सबाई. लेक ठकी नऊ महिन्यांची झाली त्याच आठवड्यात धाकटी तिला घेऊन गेली होती. आदल्या दिवशी मुकादमाकडे रजा मागितली, त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडलं, ठकीला न्हाऊमाखू घातलं, तिच्या अंगात तो पिवळा फ्रॉक चढवला जो फक्त कुठे जायचं असलं की निघायचा, आणि ओढा ओलांडून, शेतांच्या बांधावरून चालत गेली. बाकावर आणखी एकच बाई होती. नर्सबाईंनी ठकीचं वजन केलं, गाल ओढला, छान आहे म्हणाल्या आणि मग सांगितलं, "गोवराची आज नाही देता येणार. दोनच मुलं आहेत. एका बाटलीत पुष्कळ मुलांची लस असते. एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, उरली की ओतून द्यायची. आणि ओतली की वर उत्तर मला द्यावं लागतं. पुढच्या बुधवारी या, मुलं जमली की देते." धाकटी मान डोलावून परत आली. शाळेत पहिल्या बाकावर बसून बाईंचं ऐकणारी पोर ती, तिला मान डोलावण्याखेरीज दुसरं काही येतच नव्हतं. पुढच्या बुधवारी गेली तर ती एकटीच. आदल्या खेपेची ती दुसरी बाई फिरकलीच नव्हती. कशाला फिरकेल? तिचाही दिवस बुडाला होता. म्हणजे मुलं जमत नाहीत म्हणून बाटली फोडायची नाही, आणि बाटली फोडत नाहीत म्हणून मुलं जमायची नाहीत, असा हा छान गोल गोल कारभार, आणि त्याच्या मधोमध पिवळ्या फ्रॉकातली ठकी. तिसऱ्या खेपेला नर्सबाईच नव्हत्या, कुठल्याशा प्रशिक्षणाला गेल्या होत्या. दाराला कुलूप. धाकटी तरी पायरीवर उन्हं चढेपर्यंत बसून राहिली, कुणी सांगावं, उशिरा येतील. सासू म्हणाली, "रोज उठून तिकडे जातेस नि नुसती बसून येतेस, घरात काय कामं कमी आहेत?" मुकादम म्हणाला, "आता आणखी एक बुधवार बुडवलास तर गुरुवारी येऊच नकोस." आणि नवरा दूर बांधकामावर, फोनवर सांगायचा, "तुला बरं वाटेल ते कर," म्हणजे काय करायचं ते देवालाच ठाऊक. मग ठकीला ताप आला.

मालकांनी पलीकडच्या खोलीतून विचारलं, "झालं का हो ते पोस्टर? दुपारी मशीनवर प्लेट टाकायचीय." थोरली म्हणाली, "बघतेय." बघतच होती ती. दवाखान्याचा तो वॉर्ड, जिथे दोन खाटांच्या मध्ये जमिनीवरही मुलं होती आणि खिडकीच्या काचेला कुणीतरी निळा कागद चिकटवला होता, त्यामुळे सगळ्यांचेच चेहरे आजारी दिसत होते. गावातून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणायलाच उशीर झाला होता. ठकीच्या अंगावरचे लाल पुरळ काळपट पडायला लागले होते, डोळे चिकटले होते, आणि श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली प्रत्येक वेळी एक खड्डा पडायचा. थोरली त्या खड्ड्याकडे बघत उभी होती. तो पडायचा, भरायचा, पडायचा, आणि दर वेळी भरेपर्यंत थोरलीचा स्वतःचा श्वास अडकून राहायचा. डॉक्टर तरुण होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बरोबर शिकाऊ पोरंपोरी. "गोवराची लस दिली होती?" त्यानं विचारलं. धाकटी म्हणाली, "नाही." "का नाही?" थोरलीला वाटलं, आता ही सांगेल. ओढा सांगेल, बाक सांगेल, कुलूप सांगेल. धाकटीनं तोंड उघडलं, इकडेतिकडे बघितलं, एवढे सगळे पांढरे कोट बघितले, आणि म्हणाली, "चुकलं माझं." डॉक्टरनं शिकाऊ पोरांकडे वळून म्हटलं, "बघा. हे असं असतं." बस्, एवढंच. पुढच्या खाटेकडे गेला. थोरलीचा हात उठला होता. त्याच्या कोटाची बाही धरून त्याला मागे ओढायला उठला होता. पण ठकीच्या बरगड्यांखाली पुन्हा खड्डा पडला आणि या वेळी भरायला फार वेळ लागला, तेव्हा ती बाही राहिली ती राहिलीच. त्यानंतर कित्येक महिने थोरली बसमध्ये, रांगेत, न्हाणीघरात त्या डॉक्टरशी भांडत असायची. त्याची बाही धरायची आणि म्हणायची, असं म्हणजे कसं असतं रे? सांग ना. कसं असतं?

ठकी गेली. गावात चार बायका बसायला आल्या, त्यांत समोरची होती. समोरची म्हणजे धाकटीच्या घराच्या बरोबर समोर राहणारी, जिभेला हाड नसलेली. तिनं आल्या आल्या धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या बायकांकडे बघत म्हणाली, "लेकराकडे आईचंच लक्ष हवं बाई, दुसरं कोण बघणार?" पाठीवरून हात फिरतोय आणि तोंडातून हे. कामावरून आलेला नवरा काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं समोरचीच्या बोलण्यापेक्षा जड होतं. थोरलीनं ऐकलं, गिळलं, आणि तो घोट आजवर उतरला नव्हता. पुढे बारक्या झाला. धाकटीनं त्याच्या सगळ्या सुया वेळेवर पार पाडल्या. त्या बाटल्या फोडल्या तरी पुढच्या बुधवारपर्यंत टिकायच्या, म्हणून पार पडल्या. आणि आता बारक्या गोवराच्या लशीच्या वयाचा झाला होता. परवाच फोनवर धाकटी म्हणाली होती, "ताई, येत्या बुधवारी बारक्याला नेणार आहे." मग जरा थांबून, "बघू. मनाला बजावतेय. त्या बाकापाशी गेलं की पायातलं बळच जातं गं. मागल्या बुधवारी दारापर्यंत जाऊन परत आले, कुणाला सांगू नकोस." थोरलीनं तिला चार धीराचे शब्द सांगितले होते. आता कळत होतं की या पोस्टरचे गठ्ठे सोमवारी निघणार, मंगळवारी केंद्राकेंद्रांवर पोचणार आणि बुधवारी सकाळी धाकटी त्या बाकावर बसून समोरची भिंत वाचणार. वाचायला थोरलीनंच शिकवलं होतं तिला, दुकानांच्या पाट्यांवर बोट ठेवून. ती वाचणार, आणि उठून परत जाणार. मग बारक्याचं काय? त्या गावात गोवर पुन्हा यायचा राहील? तो काय पोस्टर वाचून दारातून मागे वळणार आहे?

थोरलीनं लाल पेन घेतलं आणि त्या ठळक ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. समासात लिहिलं, 'हे खरं नाही.' इतक्या वर्षांत समासात तिनं असलं काही लिहिलं नव्हतं. मालकांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला. "हे काय?" "खोटं आहे ते." "अहो, खरं-खोटं बघायला आपल्याला कुणी नेमलंय? आपण टिंबं बघायची, मजकूर त्यांचा." माणूस वाईट नव्हता. थोरलीच्या दुखण्याखुपण्यात त्यानं पगार कापला नव्हता, सणकी गिऱ्हाइकाच्या तोंडी तिला कधी दिलं नव्हतं. पण टिंबं बघायची म्हणजे टिंबं बघायची. "मालक, माझ्या बहिणीची पोर यात गेली," थोरली म्हणाली. "आई विसरली नव्हती. तीन खेपा घातल्या होत्या तिनं." मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा ती ओळ वाचली आणि म्हणाले, "मी त्या बाईंना फोन लावतो. तुम्हीच बोला त्यांच्याशी."

त्या बाई म्हणजे आरोग्य खात्याच्या प्रचार विभागाच्या. संध्याकाळी आल्या. सुती कपडे, खांद्याला पिशवी, गोड आवाज, अगदी समोरच्याच्या डोळ्यांत बघून ऐकून घ्यायची पद्धत. थोरलीला वाटलं होतं कुणी मग्रूर बाई येईल आणि आपल्याला भांडता येईल. या बाईंनी सगळं ऐकलं, मधूनमधून अरेरे म्हणाल्या, ठकीचं वय विचारलं. मग म्हणाल्या, "तुमचं दुःख मी समजू शकते. पण हे कुणा एकीला उद्देशून नाही हो. आम्ही गावोगाव पाहणी केली. लस का दिली नाही म्हणून आयांनाच विचारलं. बहुतेकींनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आमचं चुकलं." "मग काय सांगतील?" थोरली म्हणाली. "दारात गाडी उभी, हातात कागद घेऊन चार माणसं उभी. बाई, अशा वेळी नर्सबाईंचं नाव कसं घ्यायचं? पुढच्या बुधवारी त्याच नर्सबाईंच्या पुढ्यात बसायचं असतं." बाईंनी पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत म्हटलं, "बाटलीचं तुम्ही म्हणता ते असतं काही ठिकाणी. पण लस वाया किती जाते याची तुम्हाला कल्पना नाही. आणि खरं सांगू, चार आया एकत्र मिळून गेल्या असत्या तर प्रश्नच आला नसता. जागरूक आई चारजणींना बरोबर घेऊन जाते." थोरलीच्या कानांत वाफ कोंडल्यासारखं झालं. म्हणजे चालत जायचं आईनं, दिवस बुडवायचा आईनं, सासूचं ऐकायचं आईनं, आणि बाटलीला पुरतील एवढी गावची पोरंही आईनंच गोळा करून न्यायची. मग तुम्ही सगळे करता काय? ती हे बोललीसुद्धा. मोठ्यानं बोलली. मशीनवरचा माणूस शाई पुसायचा बोळा हातात तसाच धरून दारात येऊन उभा राहिला. "बाटलीच लहान करा ना," थोरली म्हणाली. "नाही तर नर्सबाईंना सांगा, एक मूल आलं तरी फोडा, ओतली तर ओतली, विचारणार नाही. एवढं वाक्य लिहा पोस्टरवर. एका पोरासाठीसुद्धा बाटली फोडू. हे लिहा. मी एक पै न घेता तपासून देते." बाई दुःखी हसल्या. "ते माझ्या हातात नाही हो. पुरवठा वेगळा विभाग बघतो. आणि पोस्टरवर बाटली कशी दाखवणार? लोकांना एका ओळीत कळलं पाहिजे." त्या उठल्या, छापाकडे पुन्हा एकदा बघितलं आणि खरोखरच मनापासून काही तरी करावं म्हणून म्हणाल्या, "हा लाल रंग मात्र फार अंगावर येतो, हे तुमचं बरोबर आहे. आपण तो जांभळा करू."

जांभळा केला. थोरलीनं तो छाप तपासायला नकार दिला तेव्हा मालकांनी तो स्वतः तपासला, आणि रात्री मशीन बंद व्हायच्या आधीच निम्मा गठ्ठा सुकायला पडला. थोरलीच्या मनात भलभलतं आलं. प्लेटवर ओरखडा काढावा, शाईत काही कालवावं, गठ्ठ्यांवर पाणी ओतावं. मग मशीनवाल्याकडे बघितलं, ज्याच्या डोक्यावर ते नुकसान बसलं असतं, आणि ती घरी गेली. घरी खोलीत फेऱ्या मारल्या. खिडकीखाली रस्त्यावर एक बाई पोराला खांद्यावर टाकून बसची वाट बघत होती, पोराची मान पेंगून लटकत होती, आणि थोरलीला वाटलं, या बाईलाही कुणीतरी कुठल्याशा टेबलावर बसून एका ओळीत बसवत असेल. सगळ्यांना बायांना एका ओळीत बसवायची फार हौस. आपणही आयुष्यभर काय केलं? उलटं वाचलं. अर्थ डोक्यात जाऊ नये म्हणून जिवाचं रान केलं. असे किती पाळणे, किती खाली मान घातलेल्या बाया आपल्या डोळ्यांखालून टिंबं नीट होऊन बाहेर पडल्या असतील कोण जाणे. तिला स्वतःची दया आली नाही, राग आला, आणि तो राग तसाच अंगावर घेऊन तिनं मंगळवारी रजा टाकली आणि गावाची बस धरली.

धाकटीच्या घरी पोचली तेव्हा बारक्या पालथा पडून एका वाटीचा पाठलाग करत होता. ढोपरांवर धड उभं राहता येत नव्हतं, पण वाटी सोडायची नाही असा निश्चय. ठकीसारखं कपाळ. थोरलीनं त्याला उचललं, तो तिच्या नाकाला चावला. संध्याकाळभर थोरली पोस्टरचं सांगायचं म्हणून तोंड उघडत होती आणि दर वेळी धाकटी काही तरी दुसरंच काढत होती, छपराचं, शेळीचं, नवऱ्याच्या खोकल्याचं. शेवटी भांडी घासताना थोरली म्हणाली, "उद्या त्या भिंतीवर काही लावलेलं असेल. बघू नकोस तिकडे." धाकटीनं भांडं पालथं घातलं. "काय लावलंय?" "काही नाही. फालतू." "ताई, तू एवढ्या लांब बस धरून फालतू गोष्टीसाठी आलीस?" थोरलीनं घासलेली वाटी पुन्हा घासायला घेतली. अंथरुणावर पडल्यावर तिनं उद्याचं भाषण मनात जुळवलं. नर्सबाई असं म्हणाल्या तर आपण तसं म्हणायचं, पुढे हे, मग ते, शेवटी वरच्या साहेबांचं नाव काढायचं. असं ठोकून काढायचं की उपकेंद्राचं छप्पर हादरलं पाहिजे. डोळा लागला तोवर तिनं नर्सबाईंना तीनदा निरुत्तर केलं होतं.

ओढ्यात पाणी घोट्यापर्यंतच होतं. धाकटी पुढे, बारक्या तिच्या कडेवर, थोरली मागे चपला हातात घेऊन. उपकेंद्राचं दार उघडं होतं आणि दारातूनच तो जांभळा रंग दिसला. नेमका बाकासमोर, नवीन, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. थोरली मुद्दाम पुढे होऊन मध्ये उभी राहिली, जशी काही तिच्या अंगानं एवढी मोठी भिंत झाकली जाणार होती. धाकटीनं तिला हातानं हळूच बाजूला केलं आणि वाचलं. ओठ हलवत, एकेक शब्द, सुलटं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. थोरलीचे डोळे तिच्या पायांवर होते, हे पाय आता वळतील, आता वळतील म्हणून. "तुमच्या छापखान्यातलं?" धाकटीनं विचारलं. "हो." "अक्षर चांगलं ठसठशीत आलंय," धाकटी म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. थोरलीला त्या वेळी कुणी दगड मारला असता तरी बरं वाटलं असतं. बाकावर दुसरं कुणीच नव्हतं. मागच्या खोलीतून नर्सबाई आल्या. थोरलीला वाटली होती तशी ती राक्षसीण नव्हती. पन्नाशीची, गुडघे दुखणारी, चपलेचा अंगठा दोऱ्यानं शिवलेली बाई. तिनं बारक्याचं वजन केलं, त्याला कडेवर घेऊन जरा हलवलं, छान आहे म्हणून धाकटीकडे परत दिलं. मग दाराबाहेर रस्त्यावर एक नजर टाकली, रिकामा रस्ता बघितला आणि थकलेल्या आवाजात म्हणाली, "एकच मूल आहे हो. बाटली कशी फोडू? मागच्या महिन्यात दोन ओतल्या तर सगळ्यांसमोर उभं करून बोलले मला. पुढच्या बुधवारी या, मी दोनचार जणींना निरोप धाडते."

थोरलीचं भाषण तोंडात आलं. सगळं पाठ होतं. पण ती पहिला शब्द उच्चारायच्या आत धाकटी उठली, नर्सबाई खुर्चीवर बसत होत्या त्यांच्या मांडीवर तिनं बारक्याला नीट बसवलं, त्याचा वर सरकलेला सदरा खाली ओढला आणि म्हणाली, "ठीक आहे सिस्टर. पुढच्या बुधवारी येते. तोवर हा तुमच्याकडे असू द्या. वरण-भात मऊ करून दिला तर खातो, उठला की दूध लागतं, डाव्या कुशीवर झोपत नाही." आणि चालायला लागली. खरोखरच चालायला लागली. "अहो बाई! अहो, हे काय करताय?" नर्सबाई अर्धवट उठल्या, पुन्हा बसल्या, कारण मांडीवर पोर होतं. बारक्यानं आईची पाठ बघितली आणि जो गळा काढला तो ओढ्यापलीकडे ऐकू गेला असेल. धाकटी दाराबाहेर पायरीवर जाऊन बसली, पाठमोरी. थोरली तिच्यापाशी धावली. धाकटीचे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले होते. "घेऊन जा हो याला!" आतून नर्सबाई ओरडल्या. "मला नोटीस येते, तुम्हाला काय जातं?" धाकटीनं मान वळवली नाही. "तुम्ही मला सांगितलं होतं, पुढच्या बुधवारी या," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "ठकीचा पुढचा बुधवार अजून यायचाय, सिस्टर. ते झाकण काढा. नाही तर हा राहू दे तुमच्याकडे. इथे माझ्याकडे ठेवून तरी काय होणार त्याचं? माझं मेलीचं लक्षच नाही, भिंतीवर लिहिलंय तुमच्या."

बराच वेळ आतून फक्त बारक्याचं रडणं येत राहिलं. थोरली पायरीवर उभी होती, भाषण कुठल्या कुठे. तिला एकदम भीती वाटली की नर्सबाई पोराला आणून इथे पायरीवर ठेवतील आणि दार लावून घेतील. कायदा त्यांच्या बाजूचा, भिंत त्यांच्या बाजूची. मग निळ्या पेटीचं झाकण सरकल्याचा आवाज आला. नंतर काचेवर पत्र्याचं काही तरी खटकन निघाल्याचा. बारक्याचं रडणं मध्येच थांबलं, जरा वेळानं एकदम आभाळाला भिडलं. धाकटीनं डोळे मिटून घेतले. नर्सबाई त्याला कडेवर घेऊन दारात आल्या, त्याच्या दंडावर कापूस धरलेला, स्वतःच्या डोळ्यांत पाणी, ते रागाचं की कशाचं ते त्यांनाच माहीत. "घ्या," त्या म्हणाल्या. "फोडली. आता उरलेली माझ्याच हातानं मातीत ओतायची, नि पुन्हा उभं राहायचं सगळ्यांपुढे." धाकटीनं बारक्याला घेतलं, छातीशी आवळलं, कापूस स्वतःच्या बोटानं दाबून धरला. मग विचारलं, "कधीपर्यंत चालते ती?" "दुपारपर्यंत. का?" धाकटी पायऱ्या उतरली आणि ओढ्याच्या दिशेनं निघालीसुद्धा.

"कुठे निघालीस?" थोरली मागून धावत होती, या वेळी चपला हातात घ्यायचंही सुचलं नव्हतं, त्या पाण्यात भिजून जड झाल्या. "समोरचीकडे. तिच्या पोरीचं राहिलंय अजून." थोरली पाण्यातच उभी राहिली. "समोरचीकडे? ती काय काय बोलली तुला! तिच्या दारात तू जाणार? आणि हे काय तुझं काम आहे? लस ती आणणार, बाटली ती फोडणार, पगार ती घेणार, नि पोरं तू गोळा करणार? हेच तर हवंय त्यांना! तेच तर ती प्रचारवाली बाई म्हणत होती!" धाकटी पलीकडच्या काठावरून म्हणाली, "तिच्या पोरीनं काय केलंय ताई?" आणि थांबली नाही. थोरलीला इतका संताप आला की रडू फुटलं. प्रचारवालीचा, मालकांचा, त्या कोटाच्या बाहीचा, नर्सबाईंना उभं करणाऱ्या न पाहिलेल्या माणसांचा, आणि या आपल्या धाकटीचासुद्धा, जी कुणालाच काही न सुनावता भराभर चालत होती. चालता चालता थोरलीनं नाक पुसलं. समोरची अंगणात कपडे धूत होती, हाताला कोपरापर्यंत फेस, कडेला खेळणाऱ्या पोरीच्या अंगावर निम्मा चिखल. "लस आहे आज, बाटली फोडलीये," धाकटी म्हणाली. "चल." समोरचीनं कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले, थोरलीकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं. "आत्ता? आत्ता कुठे जमणार बाई, हे सगळं भिजवून ठेवलंय."

धाकटीनं तिच्याशी वाद घातला नाही. बारक्या डाव्या कडेवर होता. तिनं वाकून समोरचीची पोर चिखलासकट उचलली, उजव्या कडेवर घेतली आणि आल्या वाटेनं चालू लागली. "अगं! अगं ए, माझ्या पोरीला कुठे नेतेस?" फेसाळलेल्या हातांनी समोरची तिच्या मागून पळत सुटली. आजूबाजूच्या दोन खिडक्या उघडल्या. थोरली रिकाम्या अंगणात क्षणभर तशीच उभी राहिली. मग ओल्या चपला फटफट वाजवत ती शेजारच्या घराशी गेली आणि मुठीनं दार ठोकू लागली.